यकृताचे रुग्ण आणि कोरोना : शिल्लक शक्तीचा हिशेब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजिलेल्या आरोग्य व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर जे वक्ते आले ते सर्व वैद्यकीय क्षेत्रातील तज्ज्ञ होते. आज आपल्यासमोर एक कापडाचा व्यापारी उभा आहे. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. वैद्यकशास्त्राचा माझा अधिकार शून्य. तथापि गेली बारा वर्षे ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्य समितीचे काम माझ्याकडे आहे आणि मदतीच्या अर्जांसोबत येणारे तपासण्यांचे कागद वाचणे हा त्या कामाचाच एक भाग आहे. त्या कागदांत यकृताच्या विकारांचे प्रमाण मला वाटले होते त्याहून पुष्कळ अधिक दिसले. म्हणून मी या विषयाचे वाचन केले, जाणकारांना विचारत गेलो, आणि आजच्या भाषणाचा मसुदा येथे बसलेल्या डॉक्टरांकडून तपासून घेतला. त्यांनी खोडलेले मी पुन्हा लिहिलेले नाही.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की, आता कोरोनाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, मुखपट्ट्या कपाटात गेल्या. हे खरेच आहे. परंतु विषाणू गेलेला नाही. २०२५ च्या मे-जून महिन्यांत देशात रुग्ण पुन्हा वाढले तेव्हा आमच्या समितीकडे तीन-चार घरांतून एकच प्रश्न आला : "आमच्याकडे लिव्हरचा पेशंट आहे, आम्ही काय करावे?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम यकृताविषयी थोडेसे. आपण ज्याला बोलीत काळीज म्हणतो त्या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असाच आहे. पुढे तो हृदयाकडे सरकला. बरगड्यांच्या आड उजव्या बाजूस असलेला हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण चौथा हिस्सा त्याच्याकडे जातो. अन्नातून आलेली साखर साठविणे आणि लागेल तशी सोडणे, रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन तयार करणे, रक्त गोठविणारे घटक बनविणे, अमोनियासारखी विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे, आतड्यांतून आलेले जंतू अडविणे, अशी शेकडो कामे ते मुकाट्याने करते. त्याची राखीव शक्ती एवढी मोठी की निरोगी दात्याचे अर्धे यकृत काढून दुसऱ्यास दिले तरी उरलेले पुन्हा वाढते.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर यकृत हे मोठा राखीव निधी बाळगून चालणारे दुकान आहे. तोटा होत असला तरी निधीतून भरून निघतो, शटर रोज उघडते, गिऱ्हाइकांना काही कळत नाही. ज्या दिवशी निधी संपतो त्याच दिवशी कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. वर्षानुवर्षांच्या दाहामुळे यकृतात व्रणाच्या गाठी पडून ते कठीण होते, त्यास सिरोसिस म्हणतात. सिरोसिस झालेला मनुष्य कित्येकदा दहा वर्षे हिंडत-फिरत, दुकान सांभाळत असतो. वैद्यकात यालाही दोन नावे आहेत : निधी शिल्लक आहे तोवर 'भरपाई असलेला' सिरोसिस, आणि जलोदर, कावीळ, रक्ताची उलटी किंवा भ्रम यांपैकी काही सुरू झाले की 'भरपाई संपलेला' सिरोसिस. आजच्या भाषणात मला जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी याच भेदावर उभे आहे.

आता कोरोनाचा विषाणू यकृताचे काय करतो? २०२० च्या आरंभी अशी भीती होती की तो थेट यकृतावर हल्ला करीत असावा, कारण रुग्णालयात दाखल झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात यकृताची एन्झाइमे वाढलेली आढळत. विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो ते दार, म्हणजे एसीई-२ नावाचा ग्राहक, पित्तनलिकांच्या पेशींवरही आहे. परंतु बहुतेक रुग्णांत ही वाढ किरकोळ राहिली आणि आजार उतरला तशी तीही उतरली. शरीरभर उसळलेला दाह, प्राणवायूची कमतरता आणि रुग्णास दिलेली औषधे यांचा तो एकत्रित परिणाम होता, असे तज्ज्ञांचे साधारण मत झाले. निरोगी यकृत कोरोनामुळे निकामी झाल्याची उदाहरणे विरळा आहेत. अतिदक्षता विभागात दीर्घकाळ राहिलेल्या थोड्या रुग्णांना पुढे पित्तनलिकांचा चिवट विकार जडला, तेवढा अपवाद नमूद करून पुढे जातो.

ज्यांचे यकृत आधीच पोखरलेले होते त्यांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्याविषयी ठोस माहिती मिळावी म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्या पुढाकाराने मार्च २०२० मध्ये एक आंतरराष्ट्रीय नोंदवही उघडण्यात आली. निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांची माहिती तीत भरावयाची. जुलै २०२० पर्यंत २९ देशांतून ७४५ यकृतरुग्णांची नोंद झाली. त्यांत ३८६ जणांना सिरोसिस होता, ३५९ जणांना यकृताचा जुना विकार होता पण सिरोसिस नव्हता. सिरोसिस नसलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ८ टक्के निघाले, सिरोसिस असलेल्यांत ३२ टक्के. त्यातही पायऱ्या होत्या. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, जलोदर आणि भ्रम या पाच गोष्टींना गुण देऊन डॉक्टर सिरोसिसचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडतात. त्यास चाइल्ड-प्यू वर्गीकरण म्हणतात. अ वर्गात १९ टक्के, ब वर्गात ३५ टक्के आणि क वर्गात ५१ टक्के रुग्ण दगावले. क वर्गाच्या दोघांपैकी एक!

हिशेबाची सवय असलेल्या माणसाने कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या वहीतून आला हे आधी पाहावे. ही नोंदवही स्वेच्छेची होती. डॉक्टर ज्यांची नोंद करतात ते बहुधा रुग्णालयात पोहोचलेले, म्हणजे अधिक आजारी लोक. शिवाय तो काळ लसीपूर्वीचा. पुढे अमेरिकेतील रुग्णालयांच्या संगणकीय नोंदी एकत्र करून दोन लाख वीस हजारांहून अधिक यकृतरुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा सिरोसिस असून कोरोना झालेल्यांत ३० दिवसांतील मृत्यू ८.९ टक्के आढळले; सिरोसिस आहे पण कोरोना नाही अशांत ३.९ टक्के. बत्तीस कुठे आणि नऊ कुठे, असे कोणी म्हणेल. वह्या निराळ्या, म्हणून रकमा निराळ्या. परंतु दोन्ही वह्या एकाच दिशेने बोलतात : सिरोसिस असणे आणि नसणे यांत मोठी दरी आहे, आणि सिरोसिसच्या रुग्णास कोरोना झाला तर जिवाचा धोका दुपटीहून अधिक वाढतो. आपल्या आशिया खंडातील १३ देशांच्या २२८ रुग्णांचा अभ्यास दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेचे डॉ. शिवकुमार सरीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही दाखल होताना यकृताची अवस्था जितकी वाईट तितका धोका मोठा, हेच दिसून आले.

असे का व्हावे, हा प्रश्न मी एका डॉक्टरांना विचारला असता त्यांनी उलट मला विचारले, "जळिताच्या दिवशी विहीर खणून काय उपयोग?" सिरोसिसमध्ये प्रतिकारयंत्रणा दोन्ही अंगांनी बिघडलेली असते. जंतूंशी लढणाऱ्या पेशी थकलेल्या असतात, आणि त्याच वेळी शरीरात मंद दाह सतत धुमसत असतो. कोरोनाने त्यात तेल ओतले की तो भडकतो. पोटात पाणी साठले असेल तर श्वासपटल वर रेटले जाते आणि फुप्फुसांना पसरावयास जागा उरत नाही. रक्तातील अल्ब्युमिन घटलेले, स्नायू झिजलेले, मूत्रपिंडे काठावर चाललेली. एकूण घरात कोठेच शिल्लक नाही, आणि दारात देणेकरी उभा. त्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतील सिरोसिसच्या मृतांपैकी ७१ टक्के फुप्फुसे निकामी होऊन गेले आणि १९ टक्के यकृताच्या कारणाने गेले, हे लक्षात घेतले म्हणजे समजते की विषाणू आपले काम फुप्फुसातच करीत होता. तग धरण्यासाठी लागणारे भांडवल मात्र यकृताकडे नव्हते.

याच नोंदवहीतील आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सिरोसिसच्या ज्या रुग्णांची प्रकृती कोरोनामुळे एकाएकी ढासळली, म्हणजे जलोदर वाढला वा भ्रम झाला, त्यांपैकी २१ टक्क्यांना खोकला, दम यांपैकी काहीही नव्हते. पाचांतील एकास कोरोना झाल्याचे पोटाने किंवा बुद्धीने कळविले.

हे मी छापील कागदावर वाचण्याआधी घरात पाहिले होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, २०२० साली ६८ वर्षांचे होते. आयुष्यात सुपारीचे खांडही तोंडात न टाकलेला माणूस. २००९ मध्ये रक्तदान शिबिरात त्यांचे रक्त नाकारले गेले तेव्हा हिपॅटायटिस बी असल्याचे कळले. पूर्वी कधीतरी न उकळलेल्या सुईने घेतलेल्या इंजेक्शनातून आला असावा, असा डॉक्टरांचा तर्क. २०१६ मध्ये सिरोसिसचे निदान झाले. घरात लग्नाची मुलगी होती, त्यामुळे ही गोष्ट चार भिंतींच्या बाहेर गेली नाही. 'लिव्हर खराब' म्हटले की लोक पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये दोन दिवस त्यांचे जेवणावर लक्ष नव्हते, पोट फुगले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन बसले आणि साधी बेरीज तीन वेळा चुकले. नातीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. ताप नाही, खोकला नाही. बद्धकोष्ठ असावा असे समजून घरगुती उपाय चालले होते. सूनबाईंनी मात्र पाहिले की हात पुढे धरले असता ते पंख हलल्यासारखे थरथरतात, आणि तिने कोणाचे न ऐकता गाडी काढली. एका रुग्णालयात खाट नव्हती. दुसऱ्यात दाखल करून घेणाऱ्याने भरल्या दालनात मोठ्याने विचारले, "किती वर्षांपासून पितात?" माझ्या बहिणीने मान खाली घातली आणि पिशवीतील फाइल पिशवीतच राहिली. कोरोनाची चाचणी होकारार्थी आली. प्राणवायू कमी होऊ लागला, स्टेरॉइड सुरू करावयाचे ठरले. तेव्हा सूनबाईंनी घरून फाइलच्या जुन्या प्रतींची छायाचित्रे मोबाइलवर डॉक्टरांना पाठविली. हिपॅटायटिस बी आहे, त्याची एन्टेकॅव्हिर ही गोळी चालू आहे, ती एक दिवसही बंद पडता कामा नये, हे त्या छायाचित्रांमुळे कळले. पोटातील पाणी काढले, शौचास साफ होणारे औषध दिले, भ्रम उतरला. एकोणीस दिवसांनी दाजी घरी आले. आज ते ७३ वर्षांचे आहेत आणि बेरीज माझ्यापेक्षा बिनचूक करतात.

त्या गोळीचे एवढे महत्त्व का, ते सांगतो. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीने सिद्ध केले की प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण डेक्सामिथॅसोन या स्वस्त स्टेरॉइडने वाचतात. त्यानंतर जगभर ते दिले गेले, आणि दिले गेले हे योग्यच झाले. परंतु ज्याच्या शरीरात हिपॅटायटिस बी सुप्त आहे त्याची प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने दबली की तो झोपलेला विषाणू जागा होऊ शकतो. म्हणून अशी औषधे दीर्घकाळ वा मोठ्या मात्रेत द्यावयाची असता हिपॅटायटिस बीची चाचणी करून घ्यावी आणि आवश्यक तर संरक्षक गोळी द्यावी, अशी यकृततज्ज्ञांची शिफारस आहे. रुग्ण स्वतःच आजार लपवील तर धावपळीच्या रात्री डॉक्टरांना तो कसा कळावा? दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, सौम्य आजारातही औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून घेणारे लोक मी पाहिले. त्यांतील किती जणांनी ही चाचणी केली असेल, याचा अंदाज आपण करावा.

औषधांचा विषय निघालाच आहे तर तापाच्या गोळीविषयीही. पॅरासिटामॉल यकृतास घातक, म्हणून सिरोसिसच्या रुग्णाने ती घेऊच नये आणि त्याऐवजी दुखीची दुसरी गोळी घ्यावी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. दिवसभरात दोन ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांपर्यंत, पॅरासिटामॉल सिरोसिसमध्येही सामान्यतः चालते असे तज्ज्ञ सांगतात. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मात्र अशा रुग्णाच्या मूत्रपिंडांवर घाव घालतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवितात.

गुळवेलीची गोष्ट थोडी नाजूक आहे, तरी टाळणे बरोबर होणार नाही. त्या काळात घरोघरी काढा उकळत होता. माझ्या दुकानातही कामगारांसाठी सकाळी पातेले चढत असे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या अवधीत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण यकृतदाहाने आजारी होऊन आले, आणि त्या सर्वांनी गुळवेल घेतलेली होती. हा वृत्तांत २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यास हरकत घेतली : वापरलेली वनस्पती खरी गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. लाखो लोकांनी काढा घेतला आणि त्यांना काही झाले नाही, हेही सत्य आहे. माझे स्वतःचे मत असे की ज्याचे यकृत निरोगी आहे त्याने हा वाद ऐकून सोडून द्यावा; ज्याला यकृताचा विकार आहे, विशेषतः स्वप्रतिकारामुळे होणारा यकृतदाह आहे, त्याने प्रतिकारशक्ती 'वाढविणारे' काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्याची प्रतिकारशक्ती त्याच्याच यकृतावर उलटलेली असते. ती आणखी कशाला वाढवायची?

आपल्या समाजात अधिक आढळणाऱ्या दुखण्याकडे वळतो : फॅटी लिव्हर. मद्याचा थेंबही न घेणाऱ्यांत हा विकार पाहून लोक चकित होतात. बैठे काम, पोटावरची चरबी, मधुमेह, तूप-साखरेचा हात सैल, ही त्याची कारणे. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी त्याचे नावच बदलून चयापचयाशी जोडले, ते याच कारणाने. सोनोग्राफीच्या अहवालात 'ग्रेड वन' लिहून आले की काही जण कोरोनाच्या भीतीने गळून जात. त्यांना माझे सांगणे असे की नुसत्या चरबीने यकृताचा राखीव निधी संपत नाही. अशा माणसास कोरोना अधिक त्रास देत असेल तर त्यात मधुमेह आणि वजन यांचा वाटा मोठा असतो. भय यकृताचे धरायचे आणि साखर मात्र तपासायची नाही, याला काय म्हणावे? तथापि काही थोड्या लोकांत हीच चरबी पुढे सिरोसिसपर्यंत जाते, म्हणून यकृताचा कठीणपणा मोजणारी तपासणी एकदा करून घ्यावी. ती सुईवाचून, काही मिनिटांत होते.

यकृताचे प्रत्यारोपण झालेल्यांविषयी आरंभी सर्वांनाच धाकधूक होती, कारण ते प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर जगत असतात. १८ देशांतील अशा १५१ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत १९ टक्के दगावले; तुलनेसाठी घेतलेल्या, प्रत्यारोपण न झालेल्या रुग्णांत हे प्रमाण २७ टक्के होते. वय आणि मूत्रपिंडांची स्थिती जमेस धरता प्रत्यारोपणामुळे वेगळा धोका वाढल्याचे दिसले नाही. नव्या यकृताला निधी असतो, हेच त्याचे मर्म असावे. म्हणून भयाने गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. तसे केल्यास शरीर नवे यकृतच नाकारील. एक सावधगिरी मात्र हवी. कोरोनासाठी पुढे आलेल्या निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर या औषधाने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी धोकादायक वाढते. प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना फोन केल्याखेरीज ते घेऊ नये.

लसीबाबत. १ मार्च २०२१ रोजी आपल्या देशात ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली, तेव्हा सरकारने ठरविलेल्या वीस व्याधींच्या यादीत भरपाई संपलेला सिरोसिस आणि यकृतप्रत्यारोपण या दोहोंचा समावेश होता. तरीही अनेक घरांतून 'लिव्हर नाजूक आहे, लस झेपणार नाही' या समजुतीने ज्येष्ठांना मागे ठेवण्यात आले. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत सिरोसिसच्या वीस हजारांहून अधिक लसवंतांची तेवढ्याच लस न घेतलेल्यांशी तुलना झाली. पहिल्या मात्रेनंतर २८ दिवसांनी संसर्ग सुमारे ६५ टक्क्यांनी कमी दिसला, आणि कोरोनामुळे रुग्णालयात जाणे व मृत्यू जवळजवळ थांबले. त्या लसी एमआरएनए प्रकारच्या होत्या. आपल्याकडे कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या, म्हणून तोच आकडा आपल्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. पण लस झेपत नाही ही भीती मात्र निराधार होती.

आता एका अर्जाविषयी, नाव-गाव वगळून. अर्जदारास जुना सिरोसिस होता. सिरोसिसच्या रुग्णास यकृताचा कर्करोग होण्याचा धोका असल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. गाठ लहान असताना सापडली तर उपचार होऊ शकतात. अर्जासोबत जोडलेल्या अहवालांच्या तारखा मी ओळीने लावल्या. मे २०१९. नोव्हेंबर २०१९. त्यानंतर एकदम डिसेंबर २०२१. मधली दोन वर्षे कोरी. टाळेबंदी, मग सोनोग्राफीचा विभाग सर्वसाधारण रुग्णांसाठी बंद, मग भीती, मग 'बरे चालले आहे, उगाच कशाला'. या गृहस्थांना कोरोना एकदाही झाला नाही. शेवटच्या अहवालातील गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली होती. जानेवारी २०२२ मध्ये समितीने मदतीचा धनादेश लिहिला. तो वटला नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलाने परत आणून दिला. कोरोनाने यकृतरुग्णांचे काय केले याच्या कोणत्याही नोंदवहीत हे नाव सापडणार नाही, म्हणून मी ते येथे जमेस धरतो.

आणखी एक गोष्ट आपल्या आचाराशी संबंधित आहे. सिरोसिसमध्ये यकृत साखरेचा साठा करू शकत नाही. त्यामुळे एका रात्रीच्या उपाशीपणाने अशा रुग्णाचे शरीर, निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासाइतके, आपलेच स्नायू जाळू लागते. त्यातच ताप असेल तर झीज आणखी वाढते. या कारणास्तव डॉक्टर निजण्यापूर्वी काही खावयास सांगतात, आणि रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या घरांत ज्येष्ठ मंडळी मान हलवून घरी येतात व खात नाहीत. नियमाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. तो विषय आपण गुरुमहाराजांपुढे ठेवावा. माझी विनंती एवढीच की आपला नियम डॉक्टरांना आधी सांगावा, म्हणजे सूर्यास्तापूर्वीचा आणि सूर्योदयानंतरचा आहार त्यांना तसा आखून देता येईल. निदान तापाच्या दिवसांत तरी, यकृताच्या रुग्णाने उपवास, आयंबिल असे काही त्यांना न विचारता करू नये.

समितीने या वर्षी एक छोटे कार्ड छापले आहे. त्यावर यकृताच्या आजाराचे नाव, सिरोसिस असल्यास वर्ग, हिपॅटायटिस बी व सी चाचणीचा निकाल, चालू गोळ्या, लसीच्या तारखा आणि मागील सोनोग्राफीची तारीख लिहावयाची आहे. आपल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावे आणि आधार कार्डाच्या पाकिटातच ठेवावे. कार्डावर ट्रस्टचे नाव मुद्दामच छापलेले नाही, आणि कोणी घेतले याची नोंद समिती ठेवणार नाही. बाहेरच्या टेबलावर दोनशे कार्डे आहेत. आमच्या दाजींनी पहिले भरून खिशात ठेवले आहे. कमी पडल्यास माझ्या दुकानात मिळतील, रविवार सोडून.

प्रश्नोत्तरांसाठी डॉक्टर मंडळी व्यासपीठावर आहेतच.